सरसकट अहो-जाहो

"आज तरी ओळखलंत का मला?" मृणालकाकूंनी नवऱ्याला विचारलं.

"अहो, असं काय विचारता? तुम्ही बसा ना इथे," विनायकरावांच्या गळ्यातल्या यंत्रातून आवाज आला.

काकूंनी त्यांचा फोन आल्यावर यंत्र बघायला आलेल्या ऋत्विजाकडे पाहिलं. "बघ. वाचा गेल्यावरही हे यंत्रातून मला 'अगं'च म्हणायचे. महिनाभर हे असं, परक्या बाईशी बोलल्यासारखं. वाटलं, विसरले मला. बघवेना, म्हणून नर्स ठेवली आणि मी पलीकडच्या खोलीत राहायला लागले."

मनातलं बोलून दाखवणाऱ्या त्या यंत्राचं मराठी प्लगिन, म्हणजे त्याला मराठी बोलायला लावणारं सॉफ्टवेअर, ऋत्विजानेच लिहिलं होतं. एका पेशंटच्या यंत्राने डॉक्टरांना अरे-तुरे केल्याची तक्रार आली, तेव्हा तिने नव्या आवृत्तीत सरसकट अहो-जाहो करून टाकलं होतं.

"काका विसरले नाहीत, काकू. तो बदल माझा होता. मी कळवलं होतं..."

"कुठे?"

"आमच्या साइटवर. 'नवीन काय' या पानावर."

"अगं, यांचा आवाजच तुझ्या हातात होता ना? मग यांच्याच तोंडून एकदा सांगायचं होतंस!"

ऋत्विजाने मान खाली घालून जुनी आवृत्ती परत टाकली.

"अगं," विनायकराव बायकोला म्हणाले, "महिनाभर तुलाच हाका मारतोय."

काकू त्यांचा हात धरून रडू लागल्या. ऋत्विजाला मात्र तिथून हलता येईना. प्लगिन चार हजार घरांत होतं, आणि फोन फक्त या एकाच घरातून आला होता.