आधी गव्हाचं दळण

व्यवस्थापकांनी पुन्हा हँडल मारलं, पण वृद्धाश्रमाचा जनरेटर नुसता खोकला. वादळाने वीज सकाळीच गेली होती आणि लोंढेसरांच्या ऑक्सिजन मशीनची बॅटरी आता आणखी दहाच मिनिटं पुरणार होती.

"इंजिनाचा खटका वर न धरता हँडल फिरवताय व्हय? सरका, मी धरते."

स्वतःच्या लेकाचं नाव विसरलेल्या गोदाक्कांनी तीस वर्षं डिझेलवर पिठाची गिरणी चालवली होती. व्यवस्थापकांनी हँडलला वेग दिला, गोदाक्कांनी नेमका खटका सोडला आणि इंजिन धडधडलं. दिवे लागले. लोंढेसरांनी पडल्यापडल्या शिट्टी मारली.

गोदाक्कांनी पदर खोचला. "गलका नको. आधी गव्हाचं दळण. ज्वारीवाल्यांनी थांबायचं."

भोवती जमलेल्या सगळ्या म्हाताऱ्या हसत डबे आणायला पळाल्या.

व्यवस्थापकांनी घाम पुसला. "माझी ज्वारी आहे, गोदाक्का. मी थांबतो."