भिंतीकडचं वळण

बाबा गेल्यापासून लेकीच्या हातांना चैन नव्हतं. बाबांनी खोलीभरच्या टेबलावर मांडलेली छोटी रेल्वे भिंतीकडच्या वळणावर आली की इंजिनाचा दिवा विझायचा आणि गाडी जागीच अडायची. तो दोष शोधता शोधता बिचारे म्हातारे झाले होते. तिने रुळांखालच्या वायरी बदलल्या, सोल्डरिंग नव्याने केलं, डब्यांतही दिवे बसवले, तरी गाडी तिथे ढिम्म.

"राहू दे की गं आता," आई दारातून म्हणाली. "अगदी बापावर गेलीयेस."

"त्यांचं एवढं एकच काम राहिलंय, आई."

शेवटी ती टेबलावर आडवी झाली आणि भिंग घेऊन ते वळण न्याहाळू लागली. वीतभर रुळावर कसलातरी पारदर्शक थर होता. तिने तो खरवडला, बटण दाबलं, आणि गाडी झगमगत, न अडता फिरू लागली.

"आई, बघ! रुळाला कुणीतरी नेलपॉलिश फासलं होतं. वीज पोचणार कशी?"

आई जवळ आली. तिने गाडीच्या दोन फेऱ्या बघितल्या.



"मीच लावायचे गं. तिथवर त्यांचा हात पोचायचा नाही, मग गाडी ढकलायला तेवढी तरी मला हाक मारायचे."