वीतभर हद्द

अनुदानाचा नियम साधा होता: पवनचक्की कोसळलीच तर शेजारच्या हद्दीत पडता कामा नये, म्हणून खांबाच्या उंचीइतकं अंतर हवं. वेल्डरने खांब स्वतः उभारला होता. तपासनिसाने कुंपणापर्यंत टेप ताणली आणि मान हलवली. "वीतभर कमी पडतंय. अर्ज नामंजूर." कुंपणापलीकडून त्याची थोरली बहीण ऐकत होती. याच वीतभर जागेवरून दोघं वीस वर्षं भांडत होती. तिने पुटपुटत आपल्या अंगणातली जड कुंडी बाजूला सारली. खाली हद्दीचा दगड होता. "टेप इथवर आणा, साहेब. कुंपण मीच सरकवलं होतं." तपासनिसाने मोजलं, हसून शिक्का मारला. भाऊ कुंडीकडे बघतच राहिला. "ताई, मग आता आपण भांडायचं कशावरून?" वर गरगरणाऱ्या पात्यांकडे डोळे वटारून ती म्हणाली, "कशावरून म्हणजे? केवढा आवाज करते मेली!"