टोकाकडून तिसरं पान

कागदावर चिकटवलेल्या रामेठ्याच्या वाळलेल्या फांदीवरची सगळी पानं उताणी होती, फक्त टोकाकडून तिसरं तेवढं पालथं. विनोदिनीने पुढचा कागद घेतला. कुंभ्याच्या फांदीवरही टोकाकडून तिसरंच.

पानाची मागची बाजू दिसावी म्हणून एखादं पान पालथं घालायचं, हे वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत असतं. ते तिसरंच असावं, हे कुठल्याच पुस्तकात नाही.

"अजून सौमित्रचीच फाईल?" समोरच्या टेबलावरून निमिष सरांनी विचारलं. "दिवाळीपासून बघतोय मॅडम. पोरगा अशाने आजोबा होईल."

सांगलीच्या त्या कॉलेजात मुलांनी वर्गाबाहेर केलेलं काम तपासायचं आणि त्याचे श्रेयांक गुणपत्रिकेवर नोंदवायचे, हे काम या दोघांकडे होतं. सौमित्र शेवटच्या वर्षाला होता. शनिवार-रविवार साताऱ्याला घरी गेला की पेठेतल्या गंगाधर सरांकडे तो झाडं ओळखायला आणि वाळवून जपायला शिकत असे. सर निवृत्त प्राध्यापक. अडचण एवढीच, की शिकवणाऱ्याला तोंडी दुजोरा द्यावा लागे आणि सरांना आता सकाळचं दुपारी आठवत नव्हतं.

"दुजोरा नाही तर श्रेयांक नाहीत, आणि श्रेयांक नाहीत तर पदवी अडकली," निमिष सर म्हणाले. "तुम्ही त्यांच्या विद्यार्थिनी ना? एकदा जाऊन या."

"जायला हवं," विनोदिनी म्हणाली. हेही ती दिवाळीपासूनच म्हणत होती.

दारातून यशराजने डोकं आत घातलं. मामाच्या सोनं गाळायच्या दुकानातला अनुभव त्याने मामाच्याच सहीने आणला होता. विट्याकडे घरोघरी हा धंदा, त्यामुळे तिकडची मुलं हटकून हे करत.

"नात्यातल्या माणसाची सही चालत नाही रे," ती म्हणाली.

"मामा लय कडक हाय मॅडम. नात्याबित्याचं बघत न्हाई."

"नियम बघतो."

शनिवारी एसटीत तिला डुलकी लागली. जाग आली तेव्हा सातारा आलं होतं आणि अजिंक्यतारा धुक्यात इतका विरघळला होता, की तो तिथं आहे हे आधीपासून माहीत असणाऱ्यालाच दिसावा. पेठेतल्या घराच्या फाटकाची कडी जरा वर उचलून मग ढकलावी लागे. तिने तशी ढकलली.

आत दोऱ्यांवर टिपकागद वाळत घातले होते. वाऱ्याने ते हळूच हलत आणि त्यांतून येणारं ऊन पाण्याखालच्या उजेडासारखं भिंतीवर डुलत होतं. त्या उजेडात स्वेटर घातलेले गंगाधर सर बसले होते. स्वेटरचं एक बटण चुकीच्या काजात अडकलं होतं. शेजारी सौमित्र पानं दाबायच्या लाकडी प्रेसचे पट्टे सोडत होता.

"मॅडम, सर म्हणूनच हाक मारा," तो हळू आवाजात म्हणाला. "दुसऱ्या कशाला ओ देत नाहीत."

विनोदिनी क्षणभर थांबली. "सर," तिने हाक मारली.

सरांनी मान वर केली. "कोणत्या वर्षाला?"

"शेवटच्या."

"मग उभ्या काय राहिलात? कागद बदला. दमट राहिला की पान काळं पडतं."

ती खाली बसली. दमट कागद काढायचा, कोरडा घालायचा, पुन्हा दमट काढायचा. वाळत्या पानांच्या वासात वेळ कुठं चाललाय याचं भान राहिना. मध्येच सर स्वतःशीच एखाद्या झाडाचं नाव घेत, आणि ते नाव कागदांमधून तरंगत गेल्यासारखं वाटे.

सरांचं घर सांभाळणाऱ्या मनुबाईने चहा आणला. ट्रेमध्ये तीन कप होते.

"सर नेहमी एक कप जास्त ठेवायला लावतात," सौमित्र म्हणाला. "कुणासाठी ते सांगत नाहीत."

मनुबाईने आज पाहुण्यासाठी वेगळा कप आणला नव्हता. तो जास्तीचाच तिने विनोदिनीसमोर ठेवला. "घ्या. निवंल." मग पदराला हात पुसत म्हणाली, "मी पाडव्यापतूर हाय. मग लेकीकडं, तासगावला. ह्ये पोरगं पास झालं की त्येबी जाणार. म्होरं सरांचं कसं, त्ये तुमी शिकल्याल्या लोकांनी बघा."

विनोदिनीने चहा संपवला. मग जे विचारायला आली होती ते विचारलं. "सर, सौमित्र तुमच्याकडे शिकला का?"

"कोण सौमित्र?"

सौमित्रने हातातला पट्टा उगाचच पुन्हा गुंडाळला.

विनोदिनीने टोपलीतली रामेठ्याची ताजी फांदी कागदावर पसरली. "सर, पालथं कोणतं घालायचं?"

सरांनी न बघताच हात पुढे केला. सौमित्रचाही हात सवयीने पुढे आला. दोघांची बोटं एकदमच टोकाकडून तिसऱ्या पानावर आली. तिचं बोट आधीपासूनच तिथं होतं.

"झाला दुजोरा," ती म्हणाली. "मी तसं लिहून देते."

सौमित्रने श्वास सोडला. "मग सही आजच कराल, मॅडम?"

"सही निमिष सर करतील. नात्यातल्या माणसाची चालत नाही."

"पण मॅडम, मी कुठं तुमच्या नात्यात आहे?"

कप गोळा करणारी मनुबाई जागीच थांबली. विनोदिनी सरांसमोर गुडघ्यांवर बसली. चुकीच्या काजातलं बटण तिने सोडवलं आणि नीट लावलं.

"बाबा," ती म्हणाली, "चला, आता सांगलीला माझ्याकडे राहायचं."