जावेचा टॉवेल

धाकट्या जावेच्या गालावर चामखीळ आली आणि माझा दीर लागला की तिच्या सेवेला. डॉक्टरांनी दिलेलं मलम रोज संध्याकाळी स्वतः काडीनं लावायचा, वर फुंकरही घालायचा, तेही सगळ्यांदेखत! मी भाकरी थापता थापता बघायचे आणि जरा जास्तच जोरात थापायचे. "वैनी, हे एकाचं दुसऱ्याला होतंय, हिचा टॉवेल कुणी घेऊ नका," त्यानं मला बजावलं. त्याच दुपारी मी दोरीवरचा तिचा ओला टॉवेल ओढला आणि गालावर खसाखसा घासला. मग रोजच घासू लागले. काही महिन्यांनी आरशात माझ्याही गालावर चामखीळ दिसली. काळीज सुपाएवढं झालं. संध्याकाळी चहा घेऊन ह्यांच्यापुढं अगदी ट्यूबलाइटखाली उभी राहिले. "अहो, बघा की, माझ्या गालावर काय झालंय!" ह्यांनी मोबाइलवरून नजर उचलली. "चामखीळ व्हय? ती तर लग्नापासूनच हाय की."