सुरुंगाआधीचा नारळ

"नारळ फोडल्याशिवाय सुरुंग उडणार नाही," खाणीच्या संगणकाने तिसऱ्यांदा बजावलं, तेव्हा व्यवस्थापक रेवती डांगेने कपाळावर हात मारला. युरेनियमच्या या खाणीत आता यंत्रंच उतरत. 'एकही माणूस धोक्यात नाही' अशी कंपनीची जाहिरातच होती. पण संगणकाला शिकवलं होतं जुन्या खाणकामगारांनी, नारळासकट.

तिने चडफडत नारळ फोडला. "झालं समाधान?"

"प्रसाद वाटा."

"कुणाला? खाली चिटपाखरू नाही."

"पूर्वी प्रसादाला सगळे वर यायचे, मगच सुरुंग उडायचा. हाक मारा."

"प्रसाद घ्यायला या रे," ती कर्ण्यातून वैतागून ओरडली.

ग्रीसने माखलेले हात पुसत पंप दुरुस्त करणारा येरमे बोगद्यातून बाहेर आला.

रेवतीने आपणहून पुन्हा हाक मारली.