एकदाच जुळवलेली घड्याळे

सोमवार, चौदा ऑक्टोबर, सकाळचे अकरा. हिंजवडीतील एका कंपनीची बैठकीची खोली. विभावरी आपले ओळखपत्र परत करायला आली होती. अतिदक्षता विभागासाठी तिने लिहिलेला प्रोग्रॅम धोक्याची घंटा चार सेकंद उशिरा वाजवतो, असा अहवाल चाचणी घेणाऱ्या ताम्हनकरांनी दिला होता आणि त्यावरून तिचा राजीनामा घेतला गेला होता.

ताम्हनकरांनी कंपनीच्या साहेबांपुढे त्याच चाचणीचा नवा तक्ता ठेवला. धोक्याची वेळ संगणकाच्या गाभ्यातील अखंड चालणाऱ्या घड्याळाने टिपली होती, घंटेची वेळ प्रोग्रॅमच्या घड्याळाने. दोन्ही फक्त सुरुवातीला जुळवली होती, आणि हे दुसरे घड्याळ चाचणीच्या मध्येच नेटवर्कने चार सेकंद पुढे सरकवले होते. घंटा वेळेवरच वाजली होती.

"मी म्हटलं होतं, सर, घड्याळं शेवटीही जुळवून पाहा," विभावरी म्हणाली. "तुम्ही म्हणालात, पत्रिका काय रोज जुळवतात?"

त्यावर सगळे हसले होते, हे ताम्हनकरांना आठवले. आता लाज वाटायला हवी, हे कळत होते. वाटत मात्र काहीच नव्हते. ते ओळखपत्राची निळी फीत पाहत राहिले.

साहेबांनी तक्ता दोनदा वाचला.

"प्रोग्रॅम बरोबर होता. तुमची मोजणी चुकली, ताम्हनकर. यांची जागा मात्र शुक्रवारीच भरली."